अडतीस दिवसांचं शून्य

ऑफिसात त्यांना सगळे दशांशबाई म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं ‘बाई’. पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि एकदा वाढदिवसाच्या केकवर कुणीतरी मेणबत्त्यांऐवजी ‘५१.०’ असं क्रीमने लिहिलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, “त्या शून्याची खात्री आहे का तुम्हाला? कारण माझा जन्म दुपारचा आहे.”

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचो. मला म्हणायचे सुसाट. प्रोग्राम लिहायला बसलो की बोटं थांबत नसत, आणि सांगितलेलं काम सांगितलेल्या तारखेच्या आधी टाकून मोकळा व्हायचो. याचा मला अभिमान होता. बाई मात्र एका पानाच्या प्रोग्रामला आठवडा लावायच्या. आधी कागद घ्यायच्या, त्यावर आकडे मांडायच्या, हा किती मोठा होऊ शकतो, तो किती लहान होऊ शकतो, यांची वजाबाकी केली तर हातात काय उरेल, असलं काहीबाही. मला वाटायचं, बाई जुन्या वळणाच्या आहेत, चालायचंच.

त्यांचे वडील लेथवर काम करायचे. आप्पा. अजून होते, त्यांच्याकडेच राहायचे, आणि ऐंशीव्या वर्षीही घरातल्या प्रत्येक डब्याचं झाकण घट्ट बसतं की नाही ते तपासत बसायचे. बाई लहानपणी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्टुलावर बसत. माप घ्यायचं यंत्र हातात मिळालं की आप्पा विचारत, “आधी मिटून बघितलंस का? शून्यावर येतंय का?” ते न बघता घेतलेलं माप ते मानायचेच नाहीत. पुढे बाई गणित शिकल्या, नऊ वर्षं कॉलेजात शिकवलं, आणि मग आमच्या छोट्या कंपनीत आल्या. नवरा इस्पितळात वॉर्डात नर्स, त्याच्या पाळ्या, यांचं ऑफिस, मध्ये मुलीची परीक्षा. कुणाच्याही घरासारखं घर.

आमचं काम इमारतींवर नजर ठेवायचं. शेजारी कुठे खोल खोदकाम निघालं की आजूबाजूच्या घरांच्या भिंतींवर आम्ही पुस्तकाएवढे करडे डबे बसवायचो. तासाभरात भिंत खड्ड्याकडे किती सरकली ते डबा दर तासाला मोजायचा, आतला छोटा प्रोग्राम ते भिंतीच्या मागच्या जागेत मिळवायचा आणि पहिल्या दिवसापासून भिंत एकूण किती सरकली ते आमच्या पडद्यावर दिसायचं. दहा मिलिमीटरच्या वर सरकली तर खोदकाम बंद, असा नियम. दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. ऐकायला काहीच नाही, पण जुन्या विटांच्या भिंतीला ते पुष्कळ होतं.

त्या वर्षी शहराच्या मधोमध जमिनीखालच्या स्टेशनसाठी मोठा खड्डा निघाला. रस्त्याच्या कडेला सात जुन्या इमारती, प्रत्येकीवर आमचा डबा. खोदकाम सुरू होऊन सव्वा महिना झाला आणि एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

“तुमचा डबा माझ्या भिंतीवर लावलाय,” पलीकडून एक खरखरीत आवाज म्हणाला. “त्याच्यावर हा नंबर आहे म्हणून केला. मी टेलर. दुसऱ्या मजल्यावर. माझं दार घासतंय.”

“दार?”

“दार हो. वीस वर्षं नीट लागत होतं. आता वरच्या कोपऱ्यात घासतं. चार दिवसांपासून कुलूप लावायला गुडघा द्यावा लागतोय.”

मी पडद्याकडे पाहिलं. सरकणं: ०.००. मी त्यांना अगदी आदराने सांगितलं, “मास्तर, भिंत जराही हललेली नाही. लाकूड फुगलं असेल. सुताराला दाखवा.” फोन ठेवला आणि कामाला लागलो.

बाईंनी मान वर केली. “काय म्हणत होते?”

मी सांगितलं.

“किती आहे म्हणालात?”

“शून्य पॉइंट शून्य शून्य.”

“आज?”

“आज, काल, रोज. अडतीस दिवस शून्य. एकदम शांत इमारत आहे.”

बाई उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. “बाकीच्या सहा?”

मी एकेक उघडली. शून्य. शून्य. शून्य. सातही इमारतींना सव्वा महिना शून्य. मला ते छानच वाटत होतं. त्यांचा चेहरा मात्र उतरत गेला.

“अहो सुसाट, शेजारी सोळा मीटर खड्डा खणलाय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “ऊन पडलं तरी भिंत जराशी इकडची तिकडे होते. समोरून ट्रक गेला तरी होते. सात घरं सव्वा महिना तसूभरही हलली नाहीत? हे माप नव्हे. मापयंत्र झोपलंय.”

“डबे चालू आहेत, बाई. दर तासाला बोलतायत.”

“मग झोपलाय तो आपला प्रोग्राम.”

त्यांनी कागद ओढला. पाच मिनिटं आकडे मांडले. मग विचारलं, “या भिंतीची जागा आपण कुठून मोजतो?”

ते उत्तर मीच दिलेलं होतं. आमच्या आधीच्या सगळ्या कामांत अंगणात एक खांब रोवायचो आणि तिथून अंतर धरायचो. वीस-तीस मीटर. या कामात गिऱ्हाइकाने सांगितलं, शहराचा एकच सामाईक खुणेचा दगड आहे, सगळी अंतरं तिथून हवीत. तो बदल मी एका दुपारी केला होता. चाचणी म्हणून भिंत एक मिलिमीटर, दोन मिलिमीटर, पाच मिलिमीटर सरकली असं खोटंखोटं सांगून बघितलं, तिन्ही वेळा पडद्यावर बरोबर दिसलं आणि मी पाच वाजता घरी गेलो होतो.

“तो दगड लांब आहे,” मी म्हणालो. “पावणेपाच किलोमीटरच्या वर.”

बाईंनी कागदावर सात चौकटी आखल्या आणि टेलरच्या भिंतीचं अंतर मिलिमीटरमध्ये एकेका चौकटीत लिहिलं. ४ ८ २ १ ३ ३ ६. अठ्ठेचाळीस लाख एकवीस हजार तीनशे छत्तीस. सातही चौकटी भरल्या.

“डब्यातली चिप जुनी आहे. एका संख्येचे सातेक आकडे तिच्या लक्षात राहतात, त्यापुढचे नाही,” त्या म्हणाल्या. “आता भिंत तासाभरात एक शतांश मिलिमीटर सरकली. हे शून्य पॉइंट शून्य एक यात मिळवा. कुठे लिहाल?”

मी कागदाकडे बघत राहिलो. जागाच नव्हती.

“एवढ्या मोठ्या संख्येला अर्ध्या मिलिमीटरहून बारीक पाऊल टाकताच येत नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही चाचणीत एक, दोन, पाच दिलेत, ती दणकट पावलं होती, ती दिसली. खरी भिंत मुंगीच्या पावलांनी जाते. दर तासाला एक शतांश येतं, मोठ्या संख्येत पडतं आणि जवळचा आकडा धरताना गडप होतं. पुढच्या तासाला पुन्हा तेच. भिंत अख्खी रस्त्यावर आली असती तरी आपण शून्यच दाखवलं असतं.”

“म्हणजे माझी चूक.”

“ही मिळवण्याची ओळ कुणाची आहे?” त्यांनी प्रोग्राम उघडला. ओळीच्या बाजूला नऊ वर्षांपूर्वीची तारीख आणि बाईंची आद्याक्षरं होती. “माझी. वीस मीटरला ती बरोबर होती. पण किती अंतरापर्यंत बरोबर आहे, हे मला लिहून ठेवता आलं असतं. ठेवलं नाही. चला, आधी साहेबांकडे, नावं नंतर वाटून घेऊ.”

साहेब म्हणजे कंपनीचे मालक, माणूस भला, पण वाईट बातमी ऐकताना टेबलावरच्या वस्तू सरळ रेषेत लावायची सवय. बाई बोलत होत्या आणि ते स्टेपलर, पेन, चष्म्याचं घर ओळीने मांडत होते.

“चूक कुणाची?” त्यांनी विचारलं.

“ओळ माझी,” बाई म्हणाल्या.

“आणि अंतर मी बदललं,” मी म्हणालो.

“मग खरा आकडा काय?”

“अजून माहीत नाही. पण दर तासाचे कच्चे आकडे डब्यात साठवलेले असतात, दोन महिन्यांचे. ते आणायला तिथे जावं लागेल, तारेने जोडून.”

ते कच्चे आकडे ठेवायचा आग्रह बाईंचाच होता. जागा खातात म्हणून मी दोनदा काढून टाकायला निघालो होतो आणि दोन्ही वेळा त्यांनी मला अडवलं होतं. टॅक्सीत बसल्यावर मला ते आठवलं.

टेलर मास्तरांचं दुकान म्हणजे एकच लांबट खोली. दोन शिवणयंत्रं, कापायचं टेबल, भिंतीला टेकून अर्धवट शिवलेले कोट. दार ढकलून उघडताना वरच्या कोपऱ्यात ते खरंच करकरलं. बाईंनी चौकटीवरून बोट फिरवलं. लाकूड नुकतंच घासून पांढरं पडलं होतं.

“तुम्हीच का ते, लाकूड फुगलं म्हणणारे?” मास्तरांनी मला विचारलं.

“हो. चुकलंच माझं.”

“असू दे. सुताराचा फोन लागत नव्हता म्हणून वाचलात.”

बाईंनी लॅपटॉप कापायच्या टेबलावर, खडूच्या खुणांच्या मधोमध ठेवला. नऊशे बारा तासांचे नऊशे बारा आकडे आले. त्यांनी ते मोठ्या संख्येत मिळवलेच नाहीत. शून्यापासून सुरुवात करून नुसती छोट्यांची छोट्यांशी बेरीज केली. मग उलट्या टोकाकडून केली. मग तिसऱ्यांदा, दशांश चिन्हच नको म्हणून प्रत्येक आकडा हजाराने गुणून पूर्ण संख्या करून. मास्तर गळ्यातली टेप हातात धरून बघत होते.

“एकदा केली की बास नाही का होत?” ते म्हणाले.

“तुम्ही कापड कापायच्या आधी किती वेळा मोजता?”

“दोनदा. साहेबलोकांचं असेल तर तीनदा.”

तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. आठ पॉइंट सहा मिलिमीटर.

मी इतका मोठा सुस्कारा सोडला की मास्तर दचकले. “दहाच्या आत! बाई, दहाच्या आत आहे!”

“थांबा,” बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून डबा बनवणाऱ्यांचं माहितीपत्रक काढलं. “प्रत्येक मोजणीत दोन सहस्रांश इकडे किंवा तिकडे असं लिहिलंय यात. नऊशे बारा मोजण्या. नऊशे बारा गुणिले दोन सहस्रांश किती?”

“एक पॉइंट आठ. पण इकडच्या आणि तिकडच्या चुका एकमेकींना खातातच की.”

“खातात, जर कशाही येत असतील तर. पण हा डबा सगळ्या वेळा एकाच बाजूला कमी दाखवत असेल तर? तसं होत नसल्याचं तुमच्याकडे काही आहे?”

मी माहितीपत्रक उलटून पाहिलं. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

“मग भिंत सहा पॉइंट आठवर असेल किंवा दहा पॉइंट चारवर. मला एवढंच माहीत आहे. ‘आठ पॉइंट सहा’ हे उत्तर नाही, ते उत्तराचं अर्धं आहे.” त्यांनी लॅपटॉप मिटला. “मास्तर, आजच्या दिवस खाली चला. कोट घ्या, आणि वरच्या-खालच्या सगळ्यांना सांगा. तुम्ही सांगितलंत तर लवकर ऐकतील.”

मास्तरांनी शिवणयंत्राचं वरचं डोकं सोडवून बाळासारखं कडेवर घेतलं आणि जिन्यात जाऊन मोठ्याने हाका मारायला सुरुवात केली.

खड्ड्याच्या इंजिनियरला बाईंनी फुटपाथवरूनच फोन लावला. मी शेजारी होतो, आवाज मला येत होता.

“दहाच्या आत आहे ना?” तो म्हणाला. “तुम्हीच म्हणताय आठ पॉइंट सहा.”

“म्हणतेय. आणि एक पॉइंट आठ इकडे-तिकडे असंही म्हणतेय. सकाळपर्यंत आम्ही तुम्हाला शून्य सांगत होतो, ते चूक होतं, आणि ती चूक आमची आहे. तुम्ही रागावा, पण खोदणं थांबवून रागावा. तुमच्या मोजणीदार बाईंना पाठवा. खोदकामाआधी त्यांनी या भिंतीवरच्या खुणा दुर्बिणीने मोजल्या होत्या. पुन्हा मोजू देत. त्यांचं अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतं.”

फोनवर बराच वेळ नुसता खोदयंत्राचा आवाज. मग तो आवाज हळूहळू खाली आला आणि थांबला. रस्त्यावर एकदम इतकी शांतता झाली की समोरच्या दुकानातली पाट्या पुसणारी बाई बाहेर येऊन बघायला लागली.

मोजणीदार बाई दुपारी दीडला आल्या. तिपाई लावली, पाय घट्ट केले, डोळा लावला. रस्त्याच्या पलीकडे बाकावर दशांशबाई, मी आणि टेलर मास्तर, मांडीवर शिवणयंत्र. एकदा मोजलं. तिपाई उचलली, दुसऱ्या जागी लावली, पुन्हा मोजलं. बाईंच्या हातातला रुमाल दोरीसारखा पिळून झाला होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

“माझी मुलगी असंच एका खोलीत राहते, कॉलेजजवळ,” त्या अचानक म्हणाल्या. “तिसऱ्या मजल्यावर. तिच्या भिंतीवर कुणाचा डबा आहे कुणास ठाऊक.”

मास्तर म्हणाले, “तुमच्यासारखं कुणीतरी असेल हो तिथे.”

मोजणीदार बाई वही घेऊन रस्ता ओलांडून आल्या. “आठ पॉइंट तीन,” त्या म्हणाल्या. “दोन्ही जागांवरून. अर्ध्याच्या आत नक्की.”

बाईंनी तोंडातल्या तोंडात मिळवणी केली. मला ओठ हलताना दिसले. आठ पॉइंट तीन, अधिक अर्धा, आठ पॉइंट आठ. दहाच्या आत. आणि वेगळ्या पद्धतीने काढलेल्या त्यांच्या स्वतःच्या आकड्याशीही जुळत होता. त्यांनी डोळे मिटले, रुमाल सोडला आणि बाकाला पाठ टेकली. मग हसल्या. आधी थोडं, मग इतकं की डोळ्यांतून पाणी आलं.

“काय झालं?” मास्तरांनी मला विचारलं.

“तुमची इमारत ठीक आहे,” मी म्हणालो. “हललीय, पण ठीक आहे.”

“मग हे यंत्र वर कोण नेणार?” ते म्हणाले. ते मी नेलं. दोन जिने, चौदा किलो, आणि इतकं हलकं ओझं मी आयुष्यात उचललेलं नाही.

संध्याकाळपर्यंत बाकीच्या सहा इमारतींचे कच्चे आकडेही बाईंनी तसेच जमवले. सगळ्यात जास्त निघाला तीन पॉइंट एक, शंका धरूनही पाचच्या आत. दुसऱ्या दिवसापासून खड्ड्यात आडवे लोखंडी टेकू लागले आणि खोदकाम अकरा दिवस बंद राहिलं. गिऱ्हाइकाने आम्हाला बोलावून घेतलं तेव्हा साहेब घाबरले होते. बाईंनी दोन पानांचं पत्र नेलं होतं. काय चुकलं, कुणाचं, का दिसलं नाही, आता कसं मोजतो, आणि त्या मोजण्यावर किती विश्वास ठेवायचा. कुठेही ‘तांत्रिक अडचण’ असा शब्द नव्हता. समोरच्या प्रमुखांनी पत्र दोनदा वाचलं. “शेवटचा परिच्छेद आम्हाला इतर कुणी देत नाही,” ते म्हणाले. काम आमच्याकडेच राहिलं.

डब्यातला प्रोग्राम आम्ही दोघांनी मिळून नव्याने लिहिला. सरकण्याची बेरीज वेगळी ठेवली, पूर्ण संख्यांत, मोठ्या अंतराला हातच न लावता. यावेळी चाचण्या बाईंनी मला लिहायला सांगितल्या. मी आठवडा घेतला. मुंगीचं पाऊल, मुंगीची दहा हजार पावलं, उलटी पावलं, लांबचा दगड, जवळचा खांब, रिकामी आलेली मोजणी. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, सुसाटला ब्रेक लागला. लागू दे म्हटलं.

साडेतीन महिन्यांनी खड्ड्याचा तळ भरला. इंजिनियरने स्वतः फोन करून सांगितलं की तळाचा स्लॅब ओतून झाला, आता भिंतींना हलायला वाव नाही. टेलरच्या इमारतीचा शेवटचा आकडा नऊ पॉइंट एक, दोन्ही पद्धतींनी. बाईंनी फोन ठेवला आणि तिथूनच नवऱ्याला लावला. तो वॉर्डात होता, मागे ट्रॉली ढकलल्याचा आवाज येत होता.

“झालं,” त्या म्हणाल्या. “स्लॅब ओतला. सगळी घरं उभी आहेत.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “जेवलीस का?”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन वाजले होते. “नाही गं बाई,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि खणातून डबा काढून तिथेच, कीबोर्ड बाजूला सारून, जेवायला बसल्या.